नागपुरात गाडी नसताना रूम आणि येण्याजाण्याचं कसं जमवलं (माझा अनुभव)

मी आर्णी तालुक्यातल्या खेड्यातली, हिंगणा एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा घरच्यांना आनंदापेक्षा टेन्शनच जास्त, पोरगी राहील कुठं अन जाईल कशी. आधी कंपनीजवळच रूम पाह्यल्या, एका घरमालकानं तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं, ते आमच्यानं झालंच नसतं, कापूस अजून घरातच होता.

मग कंपनीतल्या एका ताईनं सांगितलं, बाई रूम कंपनीजवळ नको पाहू, मेट्रोजवळ पाहा. हेच कामी आलं. मेट्रोची अ‍ॅक्वा लाईन प्रजापती नगरपासून थेट आमच्या कंपनीकडच्या लोकमान्य नगरपर्यंत जाते, सीताबर्डीला गाडी बदलावी लागत नाही, म्हणून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला वैष्णोदेवी चौकाकडे गल्ल्यागल्ल्यांत फिरून किराणा दुकानांत विचारलं. तिथं आम्ही तिघी मिळून दोन खोल्या घेतल्या, माझ्या वाट्याला महिन्याला १८०० येतात, लाईट बिल वेगळं. घरमालकीण काकूंना पहिल्याच दिवशी विचारून घेतलं की पाणी किती वाजता येते, आणि भाडेकरार लेखी केला, हे नक्की करा.

लोकमान्य नगरला उतरून पुढं शेअर ऑटो. शनिवारी गावी जायला एसटी, २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे त्यामुळं महिन्यातून दोनदा आईला भेटणं होते. येताना तुरीची डाळ अन ज्वारीचं पीठ घेऊन येते, तिघींना पुरते.