लेहच्या वाटेवर फोर बाय फोरचं डिझेल जातं कुठे?

पुण्या-मुंबईहून लेहला निघणारे बहुतेक जण ॲव्हरेजची काळजी करतात ती डोंगरातली. बारालाचा, लाचुलुंग, टांगलांग ही खिंडींची नावं ऐकूनच टपावर जास्तीचे कॅन चढतात. हिशेब मांडला की उलटंच दिसतं. सगळ्यात जास्त डिझेल फुकट जातं ते मनालीच्या अलीकडे, सपाट हायवेवर. बचतीला सुरुवातही तिथूनच करायची.

खालचे आकडे टोयोटा हायलक्ससारख्या, सामान-माणसांसह पावणेतीन टन भरणाऱ्या डिझेल पिकअपचे आहेत. थार, गुरखा किंवा व्ही-क्रॉस असेल तर आकडे थोडे हलतील, हिशेबाची रीत तीच.

आधी खरं ॲव्हरेज काढा

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर मोहिमेचा हिशेब बेतू नका, तो बहुधा थोडा चढाच असतो. टाकी फुल ते टाकी फुल हीच पद्धत. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबा, वरून 'गोल आकडा' करायला थेंब थेंब भरू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा, निदान ३०० किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर, त्याच नोझलने, तसंच ऑटो कटपर्यंत भरा.

टायर मोठे घातले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो. २६५/६० आर १८ च्या जागी २६५/६५ आर १८ घातले की चाकाचा व्यास ७७५ मिमीवरून ८०२ मिमीच्या आसपास जातो, म्हणजे ३.४ टक्के फरक. मीटरवर ४१२ किलोमीटर आणि टाकीत ३८.५ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १०.७ वाटेल. खरं अंतर ४२६ आहे आणि ॲव्हरेज ११.१. मोठे टायर लावल्यावर गाडीचं ॲव्हरेज 'पडलं' म्हणणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करावा.

असं मोजमाप दोनदा करा: एकदा पूर्ण सामानासह हायवेवर आणि एकदा पूर्ण सामानासह घाटात. घाटासाठी वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वर, पुढे आंबेनळीने पोलादपूर आणि परत, ही फेरी चांगली आहे. अंतर कमी असल्यामुळे ती दोनदा केली तर आकडा जास्त भरवशाचा मिळतो.

वेग आणि टप

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. चौकोनी, उंच पिकअपला हा फरक १०० किलोमीटरमागे साधारण दोन लिटरला पडतो. पुणे ते मनाली अंतर दोन हजार किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे फक्त जातानाच ४० लिटरच्या आसपास. तांडी (मनालीच्या पुढे, लेहच्या वाटेवरचं पंपाचं गाव) ते लेह हा डोंगरातला सगळा टप्पा जवळपास तेवढ्याच डिझेलमध्ये पार पडतो! ८०-८५ वर गाडी धरली तर दिवसाकाठी दीड-दोन तास जास्त जातील. ते धरूनच मुक्काम ठरवा.

दुसरा मोठा चोर टपावर बसलेला असतो. टपावरचा तंबू, उघडा रॅक, आडव्या बांधलेल्या ट्रंका हे सगळं थेट वाऱ्याच्या तोंडावर येतं. जमेल तितकं सामान मागच्या हौद्यात, कॅबच्या उंचीच्या खाली ठेवा आणि ताडपत्री ताणून बांधा. फडफडणारी ताडपत्री स्वतःच वारा अडवते. रॅक रिकामा असेल तर काढून घरी ठेवा. आणि पुढे लोखंडी बुल बार लावायचा विचार असेल तर सोडा. त्याला २०१७ पासून बंदी आहे.

वजनाची भीती जरा बेताने

तांडीपासून लेहपर्यंतचे सगळे चढ मिळवले तर उंची साधारण ४,००० मीटर होते. १०० किलो जादा वजन तेवढं वर चढवायला लागतं एक-तृतीयांश लिटर, आणि ३६५ किलोमीटर खराब रस्त्यावर ओढायला आणखी दोन-तृतीयांश. एकूण एक लिटर. त्यामुळे डिझेल वाचवायचं म्हणून दुसरी स्टेपनी, एअर कॉम्प्रेसर किंवा पिण्याचं पाणी घरी ठेवणं चूक आहे. वजन कमी करायचं ते पाटे, शॉकअप आणि ब्रेक वाचावेत म्हणून.

तांडीला किती भरायचं?

तांडीच्या पंपावर पाटी आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. तुमचा घाटातला आकडा ८ आला असेल तर ३६५ भागिले ८ म्हणजे ४६ लिटर. त्यात एक-तृतीयांश राखीव घाला: दरड कोसळून मागे फिरणं, नाल्यात पाणी वाढल्यामुळे ताटकळणं यासाठी. झाले ६१. हायलक्सची टाकी ८० लिटरची आहे, म्हणजे टाकी फुल असेल तर कॅनची गरजच नाही. थारची ५७ ची आहे, तिला २० लिटरचा एक कॅन हवा. सो कार, सो मोरिरी या तळ्यांकडे वळायचं असेल तर ते किलोमीटर आधी मिळवून पुन्हा भागाकार करा.

कॅन धातूचा, घट्ट झाकणाचा, हौद्यात उभा बांधलेला असावा. टपावर किंवा कॅबमध्ये नको. टाकीत २० लिटरची जागा झाली की, म्हणजे साधारण १६० किलोमीटरनंतर, तो टाकीत ओतून टाका. डिझेल कमी भरल्याची शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे.

खिंडीत गाडी कशी हाकायची

टांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो बरीच भरपाई करतो, पण उशिरा जागा होतो. खाली १,५०० आरपीएमला उचलणारी गाडी इथे १,८०० ते २,५०० मध्ये ठेवा. वरच्या गिअरमध्ये रेटत नेलं तर काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे अर्धवट जळालेलं तुमचं डिझेल.

उतारावर न्यूट्रल अजिबात नको. गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, शिवाय ब्रेक तापून निकामी व्हायचा धोका.

कोरड्या डांबरावर टू एच, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे फोर एचमध्ये (ताकद चारही चाकांना) वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात, टायर घासतात, ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसवर ताण येतो. खडी, चिखल, बर्फ लागला की फोर एच. नाल्यातल्या मोठ्या दगडांवर किंवा उभ्या सुट्या चढावर फोर एल, म्हणजे चारही चाकं आणि खूप खालचा गिअर. त्यात त्याच वेगाला इंजिन साधारण अडीचपट फिरतं, म्हणून अडचण संपली की लगेच बाहेर या.

हवेचा दाब रोज सकाळी, टायर थंड असताना बघा. मनालीहून टांगलांगला जाताना बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे गेज सुमारे ४ पीएसआय जास्त दाखवतं, आणि २० अंश थंडी वाढली की साधारण ३ ने कमी. डांबरावर दारावरच्या स्टिकरवरचा फुल लोडचा आकडा ठेवा. वाळूत उलटं: १८-२० पर्यंत उतरवा. टायर पसरतो, रुतत नाही, त्यामुळे डिझेलही कमी लागतं. पुन्हा डांबरावर येताच कॉम्प्रेसरने भरा.

रात्रीचं इंजिन

हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं तर तासाला पाऊण ते एक लिटर जातं. आठ तासांत सहा ते आठ लिटर, म्हणजे पन्नासेक किलोमीटरचा पल्ला. त्याहून गंभीर म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बंद गाडीत झोपून इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. चांगली स्लीपिंग बॅग घ्या, नाहीतर बाहेर एक्झॉस्ट काढलेला दोन किलोवॉटचा डिझेल हीटर बसवून घ्या. तो रात्रभरात एक-दोन लिटर घेतो. मात्र उंचीसाठी सेटिंग असलेलाच घ्या, नाहीतर विरळ हवेत काजळी धरून बंद पडतो.

ॲव्हरेज अचानक पडलं तर

आधी चारही रिमजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलं असेल तर नाल्यातल्या चिखलाने कॅलिपरची (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन अडकून ब्रेक चिकटलाय. पिन साफ करून ब्रेकचं ग्रीस लावा. मग एअर फिल्टर. मोरे मैदानाची बारीक धूळ एका दिवसात तो भरते. हवा मारायची ती आतून बाहेर आणि हलकी. धूर काळा आणि गाडीची ओढही गेली असेल तर टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा पाइप क्लॅम्पपाशी सुटलाय का बघा. तिथे तेलकट डाग दिसतो.

यातलं काही नसेल आणि गाडी बीएस-६ असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी धरणारा फिल्टर. दिवसभर रांगत चालल्यामुळे काजळी साठते आणि ती जाळायला गाडी जादा डिझेल घेते. आयडल वाढलेलं, पंखा जोरात, अशी लक्षणं दिसत असताना इंजिन बंद करू नका. मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं साठच्या वर सलग चालवा. अर्धवट सोडलं तर पुढच्या घाटात तेच पुन्हा सुरू होतं.