एकाच सीझनात बंद पडलेल्या फुटबॉल टीमचा इतिहास कसा गोळा करायचा

आपल्या बेळगावात लेले ग्राउंडवर मॅच असली की कोण कधी कुठं खेळला याच्या गप्पा तासतासभर चालतात, पण टीम बंद पडली की चार वर्षांत तिचं नावसुद्धा कोणी काढत नाही, मला याचं लई वाईट वाटतं. म्हणून मी पुण्याच्या भारत एफसीचा इतिहास लिहायला घेतलाय आणि जसं जमलं तसं सांगतो.

पहिलं काम म्हणजे टीम नीट ओळखा. पुण्यात तेव्हा तीन टीम होत्या आणि तिघींचं ग्राउंड बालेवाडीच: जुनी पुणे एफसी, आयएसएलची (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटी आणि कल्याणी ग्रुपची भारत एफसी, जी २०१४ ला निघाली, २०१४-१५ ची आय-लीग (तेव्हाची देशातली मुख्य लीग) खेळली आणि संपली. नेटवर नुसतं भारत एफसी टाकलं तर सगळं इंडिया टीमचंच येतं, त्यामुळं सोबत कोच स्टुअर्ट वॉटकिस यांचं नाव टाका. वेबसाइट बंद असेल तर जुना पत्ता वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेब पानं जपून ठेवणारी साइट) घालून बघा, कधी कधी अख्खं पान मिळतं.

मग दोनशे पानी वही घ्या. लीगमध्ये ११ टीम, बाकी दहांशी दोन-दोनदा, म्हणजे प्रत्येकीच्या २० मॅच, तर एका मॅचला एक पान, वर तारीख, ग्राउंड, स्कोर, गोल कोणी मारला, आणि खाली अर्धं पान कोरं ठेवा, ते लोकांच्या आठवणींसाठी. एवढ्या थोड्या मॅच असल्यामुळंच हे काम एकट्याला झेपतं बघा.

आठवणी विचारताना साल विचारू नका, सण विचारा. माझा मामेभाऊ तेव्हा पुण्यात कामाला होता, तो ठामपणे म्हणाला मी भारत एफसीची मॅच बघितलीय. मी विचारलं, दिवाळीच्या आसपास की शिमग्यानंतर? तो म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीला घरी आलेलो की, त्याच्या आधल्या आठवड्यात." झालं, ती दिवाळीच्या दिवसांत चालणाऱ्या आयएसएलची मॅच, कारण आय-लीग जानेवारीत सुरू झाली आणि ३१ मेला संपली. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, आधी विचारून, आणि त्यांच्याच शब्दांत उतरवा, "काय शोधूलायस रे एवढं" असलं म्हणाले तरी तेही राहू द्या.

नुसता टेबल बघून लिहू नका. भारत एफसी शेवटची आली, पण खालच्या लीगमध्ये गेली ती गोव्याची डेम्पो, कारण भारत एफसीला खालची लीग न खेळता डायरेक्ट एन्ट्री होती आणि पहिल्या वर्षी रेलिगेशनमधून, म्हणजे खाली ढकलण्यातून, सूट होती. हे एक वाक्य राहिलं तर वाचणाऱ्याला टेबलच कळणार नाही. तशीच डायरेक्ट एन्ट्री घेऊन आलेली बेंगळुरू एफसी आदल्या वर्षी पहिल्याच फटक्यात चॅम्पियन झाली होती, तेही शेजारी लिहा.

माझ्या वहीत गोव्यातल्या तीन मॅचची पानं अजून अर्धी कोरी आहेत, डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग. चोर्ला घाटातनं जाऊन कोणी त्या बघितल्या असतील तर तिकीट फेकू नका, आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा.