मोठ्या माणसाची पहिली फिट: या चुका टाळा

पंचविशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, तर मेंदूचा फोटो (सीटी किंवा एमआरआय) न काढता नुसत्या गोळ्यांवर ठेवू नये. यवतमाळ, गडचिरोलीच्या खेड्यांतून पेशंट येतात ते चिठ्ठ्यांची थैली घेऊन. सलाइन, ताकदीचं इंजेक्शन, फेनिटॉइन ही फिटची गोळी. फोटो एकही नाही.

फिट किती वेळा आली हे सगळे विचारतात. सुरू कुठून झाली, हे फार थोडे विचारतात. ज्यानं पाहिलं त्यालाच मी करून दाखवायला लावतो. "पयले आंगठा फडफडते, मंग पुरा हात, अन् मंग हे पडतेत," एका बाईनं दाखवलं. एकाच जागेहून उठणारी फिट मेंदूतल्या एका जागेचा पत्ता सांगते. फिटनंतर हात काही वेळ लुळा पडणं, नसलेला घाण वास येणं, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटणं, यांचाही अर्थ तोच.

त्या बाईच्या नवऱ्याला पहिली फिट कापूस वेचणीच्या दिवसांत आली होती. दुसरीकडे साधा सीटी झाला, सूज दिसली आणि 'मेंदूत अळी', म्हणजे पट्टकृमीच्या अळीची गाठ, ठरली. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू झालं. डोकेदुखी थांबली, घरचे निर्धास्त झाले. स्टेरॉइड संपलं तशी डोकेदुखी आणि फिट दोन्ही परतल्या. स्टेरॉइडनं गाठीभोवतीची सूज उतरते, गाठ जागेवरच राहते, आणि या आरामालाच लोक बरं होणं समजतात. आपल्याकडे अळी आणि टीबीच्या गाठी भरपूर, म्हणून ती शंका चुकीची नाही. पण वेल्लोरच्या डॉ. राजशेखर आणि डॉ. चांडी यांचे अळीची गाठ ओळखायचे निकष आहेत: अळीची एकटी गाठ 20 मिलिमीटरपर्यंतच, मेंदूची मधली रेषा सरकलेली नाही, अशक्तपणा वाढत चाललेला नाही. कॉन्ट्रास्ट (शिरेतून औषध देऊन केलेल्या) एमआरआयमध्ये याची गाठ त्याहून मोठी होती, मधली रेषा ढकललेली होती. नागपूरला ऑपरेशन झालं, ग्लायोमा, म्हणजे मेंदूचाच ट्यूमर, निघाला.

अळीचा उपचार द्यायचाच असेल, तर पुढच्या एमआरआयची तारीख मी त्याच चिठ्ठीवर लिहितो. "बरं वाटलं तर कशाला?" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. खर्चाची अडचण खरी आहे, पण आधी जन आरोग्य योजनेची चौकशी करा, मग एमआरआय टाळायचा विचार करा.

फेनिटॉइन स्वस्त, कुठंही मिळतं, म्हणून डोळे झाकून दिलं जातं. ट्यूमरच्या पेशंटमध्ये ते डेक्सामेथासोन आणि काही केमोच्या औषधांचा असर कमी करतं. मी लेव्हेटिरासेटाम हे फिटचं दुसरं औषध निवडतो. मात्र किडनी पाहून डोस ठरवावा लागतो, आणि घरच्यांना विचारत राहावं लागतं, कारण त्यानं काहींचा स्वभाव फार चिडका होतो.

गाठ आहे पण फिट कधीच आली नाही, अशाला वर्षानुवर्षं फिटच्या गोळ्या देऊ नका. ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणजे फिट नव्हतीच, असं नाही.

तोंडात चमचा घालू नका, चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढा. ट्रॅक्टर आणि विहिरीचा काठ बंद.

महिनाभर फिट नाही म्हणून गोळी आपल्या मनानं सोडणारे तर दर आठवड्याला भेटतात. आणि गोळ्या नियमित असूनही फिट पुन्हा सुरू झाली, तर नुसता डोस वाढवू नका. नवा एमआरआय करा, आणि जुन्या फिल्मशी ताडून पाहा. नुसता रिपोर्ट चालत नाही, फिल्मच आणा.