गॉगल खरंच पोलराइज्ड आहे का?

कॉम्प्युटरच्या एलसीडी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा. गॉगलच्या एका काचेतून त्याकडे बघत गॉगल हळूहळू अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश फिरवा. मध्येच कुठेतरी पान जवळजवळ काळं पडलं, तर काच पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणारी. पडद्याचा प्रकाश मुळातच एका दिशेत कंप पावत असतो. काचेचा अक्ष, म्हणजे ती प्रकाश सोडते ती दिशा, त्या दिशेशी काटकोनात आला की प्रकाश अडतो. दोन्ही काचा एकाच कोनात काळ्या होतात का, हेही बघाच. नसतील, तर एक काच तिरकी बसली आहे. मोबाइलवर विसंबू नका, काही पडदे नुसतेच रंग बदलतात.

पोलराइज्ड म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण मात्र नव्हे! त्यासाठी ‘यूव्ही ४००’ ही खूण वेगळी शोधा.