ग्रुप शोमध्ये चित्र लावायचंय? मग आधी एखाद्या गोष्टीचं वेड लागू द्या

इलस्ट्रेशन, म्हणजे पुस्तकं-अंकांसाठी चित्रं, करणारी नवीन मुलं-मुली मला कायम एकच विचारतात, ताई ग्रुप शोमध्ये, म्हणजे अनेकांच्या एकत्र प्रदर्शनात, शिरायचं कसं, कुठल्या गॅलरीला मेल टाकायचा, फ्रेम केवढी करायची. सगळं सांगते, पण माझ्या मते सुरुवात गॅलरीपासून नाहीच करायची. सुरुवात करायची ती आपण क्लायंटचं काम संपल्यावर, कुणी सांगितलेलं नसताना जे काढतो तिथून. कारण ग्रुप शोमध्ये तुम्हाला भिंतीचा चार-पाच फुटांचा तुकडा मिळतो, त्यात एक किंवा दोन चित्रं, आणि शेजारी वीस-पंचवीस जण, सगळे चांगलेच काढणारे. तिथे सफाईने काढलेलं अजून एक चित्र लोक बघतात आणि पुढे जातात. थांबतात कुठे, तर जिथे कळतं की हिला या विषयातलं काहीतरी माहितीये जे आपल्याला माहीत नाही.

माझा विषय मासे. लहानपणापासून खाते म्हणून नव्हे, म्हणजे खातेच, पण बाजारात टोपलीतला बांगडा बघत उभी राहायची सवय जुनी आहे. बांगड्याच्या पाठीवरचे निळे-हिरवे नागमोडी पट्टे ताज्या माशात जसे दिसतात तसे दुपारी दिसत नाहीत, मांदेलीचं सोनेरी तेज तसंच उतरतं, आणि बोंबील तर अर्धपारदर्शक गुलाबीसर असतो, तो जलरंगात पकडायला कागद कितपत ओला ठेवायचा हे हाताला बसायलाच खूप वेळ जातो. हे फोटोवरून कळत नाही हो, मोबाईलचा कॅमेरा सगळी चांदी राखाडी करून टाकतो. म्हणून बाजारात बसून काढायचं, पेन्सिलीने आकार आणि बाजूला शब्दात रंगाच्या नोंदी, की पोटाकडे जांभळट झाक, कल्ला लालभडक, शेपटीला पिवळा. रंग घरी येऊन भरायचे.

बाजारात काढायची एक पद्धत आहे, ती पाळा. गर्दीच्या वेळेला समोर वही उघडून उभं राहायचं नाही, तो त्यांच्या धंद्याचा वेळ असतो. आधी मासे घ्यायचे, मग विचारायचं, मावशी दोन मिनिटं हा काढू का. बहुतेक वेळा मावशी स्वतःच दुसरा चांगला मासा काढून समोर ठेवतात आणि त्याचं नाव, तो कुठल्या दिवसात येतो, कसा करायचा सगळं सांगतात. ते सगळं वहीत लिहा! माझ्या चित्रांपेक्षा त्या नोंदींमुळे लोक जास्त वेळ भिंतीपाशी थांबलेत.

तुमचा विषय मासे असायची गरज नाही अर्थात. कुणाला जुन्या दुकानांच्या पाट्या आवडतात, कुणाला मुंबईच्या डबलडेकर बस (डिझेलवाली शेवटची सप्टेंबर २०२३ ला रस्त्यावरून गेली, तेव्हा किती जणांनी स्केच केल्या असतील), कुणाला मरीन ड्राइव्हच्या जुन्या आर्ट डेको शैलीतल्या बिल्डिंगांचे जिने आणि ग्रिल, कुणाला शिवडीचे फ्लेमिंगो. निवडायचं कसं याची माझी एकच कसोटी, त्या विषयावर तुम्ही न थकता तासभर बोलू शकता का आणि त्याचं वर्ष कसं फिरतं ते तुम्हाला माहीत आहे का. माशांचं वर्ष असतं. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, तेव्हा मी सुकं काढते, जवळा, सोडे, सुके बोंबील, आणि त्यांचे आकार ओल्यापेक्षा इतके वेगळे आणि कडक रेषेचे असतात की नुसत्या पेन-शाईत मजा येते. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बाजार भरायला लागतो. पाऊस गेला की वर्सोव्याला वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या बांबूच्या मांडवावर, बोंबील टांगलेले दिसायला लागतात. असं वर्ष तुमच्या विषयाचं शोधा, म्हणजे काय काढू हा प्रश्नच उरत नाही.

आता शो. ग्रुप शोला बहुतेक वेळा थीम असते, पाणी, घर, रात्र, आठवण असं काहीतरी मोठ्ठं आणि सैल. इथे नवीन लोक थीम वाचून शून्यातून काहीतरी वेगळंच काढायला बसतात आणि ते चित्र कुणाचंच वाटत नाही. तुम्ही उलट करा, आपली वही उघडा आणि थीम आपल्या वेडात कुठे भेटते ते शोधा. रात्र म्हटलं तर मला ससून डॉक दिसतो, मुंबईतला मासळीचा १८७५ चा धक्का, उजाडायच्या आधी दिव्यांच्या उजेडात बर्फ, टोपल्या, लिलावाची गडबड. घर म्हटलं तर पाट्यावर वाटण आणि शेजारी साफ केलेली मुडदुशी मासळी. आठवण म्हटलं तर आजीचा माशाचा टोप. जुळतच नसेल तर तो शो सोडून द्या, खरंच. दुसरा येतो.

शो मिळतात कुठे? काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी सगळ्यांच्या डोक्यात पहिली असते आणि का नसावी, १९५२ पासून मुंबईने तिथे चित्रं बघितलीत, फुकट बघितलीत. पण तिथे अर्ज, निवड आणि मग वर्षानुवर्षं वेटिंग, त्यामुळे अर्ज टाकून ठेवा आणि तोवर बाकीची कामं चालू ठेवा. त्याच भागात अडोर हाऊसमध्ये आर्टिस्ट्स सेंटर आहे, वरळीला नेहरू सेंटरची गॅलरी आहे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासूनची संस्था, तिच्या वार्षिक प्रदर्शनाला एंट्री पाठवता येते. आणि आपल्या लोकांनी विसरू नये असं म्हणजे महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन, त्यात उपयोजित कलेचा (जाहिरात, इलस्ट्रेशन वगैरे कामाचा) वेगळा विभाग असतो, म्हणजे इलस्ट्रेशनवाल्यांना आपण चुकीच्या रांगेत उभे आहोत असं वाटायचं कारण नाही. काळा घोडा फेस्टिव्हल १९९९ पासून होतो, जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुमारास, त्या दिवसात त्या भागात माणूस मावत नाही, जवळपास शो असेल तर फायदा होतो.

आणि काहीच मिळत नसेल तर पाच-सहा जण मिळून स्वतः करा. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे हे सहा कलावंत प्रोग्रेसिव्ह ग्रुप म्हणून याच शहरात एकत्र आले, प्रत्येकाचा हात दुसऱ्यापासून पार वेगळा. ग्रुप जमवताना मी तेच बघते, सगळ्यांची स्टाईल जुळायची गरज नाही, प्रत्येकाचं स्वतःचं काहीतरी पक्कं पाहिजे. बाकी सगळा हिशोबाचा मामला. पैसे एकाकडेच जमा करा, भाडं, छपाई, चहा-बिस्किटं सगळं आधी लिहून वाटून घ्या, कुठल्या दिवशी कोण हॉलमध्ये बसणार तेही. भिंती वाटायला चिठ्ठ्या टाका. यावरून चांगल्या मैत्र्या तुटलेल्या बघितल्यात मी, चिठ्ठीवर कुणी रुसत नाही. तारीख ठरवताना पावसाळा आणि गणपती टाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

क्लायंटसाठी केलेलं काम शोमध्ये लावायचं असेल तर आधी करारपत्र काढून वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, कुणी पैसे देऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइटचा हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो, त्यामुळे काम घेतानाच दोन ओळी लिहून घ्या की हक्क माझ्याकडे राहतील. दुसरी, हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीने द्यावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. स्वतःच्या वेडातून काढलेल्या चित्रांना ही कटकटच नसते, ती कुणाच्या परवानगीशिवाय लावता येतात, छापता येतात, विकता येतात.

कागद आणि फ्रेम. मूळ चित्र असेल तर ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद, स्वस्त कागदावर काढलेलं दोन पावसाळ्यात पिवळं पडतं आणि विकत घेणाऱ्याला ते दिसतं. डिजिटल असेल तर फाइल ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे ए थ्रीसाठी ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, आणि प्रिंट पिगमेंट शाईची (ती लवकर उडत नाही) आर्काइव्हल, म्हणजे टिकाऊ, कागदावर. आधी छोटी टेस्ट प्रिंट मागाच, स्क्रीनवरचा भडक निळा आणि हिरवा कागदावर बसतोच असं नाही, माझा बांगडा याच कारणाने मी तीन-तीनदा तपासते. एडिशन, म्हणजे ठरावीकच प्रिंट, करणार असाल तर पेन्सिलीने डावीकडे नंबर, म्हणजे २५ पैकी तिसरी असेल तर ३/२५, उजवीकडे सही, आणि पंचवीस म्हटल्या की पंचवीसच, सव्विसावी कधीही नाही.

फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, सांगा, तो म्हणेल साधा पण चालतो, नाही चालत. माउंटमुळे चित्र आणि काच यांच्यात जागा राहते, मुंबईच्या दमट हवेत चित्र काचेला चिकटलं की संपलं, बुरशी पण तिथूनच धरते. मागून ब्राऊन टेपने नीट सील करून घ्या, घरात ठेवताना ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायचं नाही. मोठ्या फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक घ्या, महाग पडतं पण ट्रेनने न्यायचं असेल तर दुसरा पर्याय नाही. लोकलने नेताना अकरानंतर निघा, लगेजच्या डब्यात चढा, दोन फ्रेम काचेकडून काचेकडे तोंड करून मध्ये पुठ्ठा, चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या. काच असेल तर तिच्यावर कागदी टेपची फुली मारा, फुटली तरी तुकडे चित्रावर पडून ओरखडे उठत नाहीत.

टांगायचा हिशोब एकदा शिकून घ्या म्हणजे हॉलमध्ये अंदाजाने खिळे ठोकणाऱ्यांच्यात तुम्ही नसाल. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचावर आला पाहिजे, साधारण डोळ्याची उंची. फ्रेम २४ इंच उंच असेल तर निम्मे १२, म्हणजे ६९, आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ३ इंच खाली येत असेल तर ते वजा, हूक ६६ इंचावर. प्रत्येक फ्रेमचा आकडा घरूनच मागे पेन्सिलीने लिहून न्या. लेबलवर नाव, चित्राचं नाव, माध्यम, माप, वर्ष, किंमत. माझ्या लेबलवर माशाचं नाव मराठीतच असतं आणि खाली बाजारातल्या मावशीने सांगितलेली एक ओळ. पापलेटखाली मी लिहिते की हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे, आणि लोक मागे वळून दुसऱ्यांना बोलावतात, अगं हे बघ!

किंमत. गॅलरीचं कमिशन कुठे एक तृतीयांश, कुठे निम्मं, ते आधी विचारा. समजा किंमत १२,००० आणि कमिशन ४० टक्के, तर हातात ७,२००, त्यातून फ्रेम आणि प्रवास गेला की खरी कमाई कळते, तेव्हा उलटीकडून हिशोब करून किंमत ठरवा. घरी मागितलं तर कमी आणि शोमध्ये जास्त असं मात्र करू नका, गॅलरीवाल्यांना आज ना उद्या कळतं आणि विकत घेतलेल्या माणसालाही ते लागतं. मोठं चित्र सगळ्यांना नाही परवडत, म्हणून सोबत पोस्टकार्ड ठेवा. हे आपल्याकडे काही नवीन नाही, चित्रकार धुरंधरांनी मुंबईतल्या माणसांची चित्रं पोस्टकार्डांसाठी काढलीच होती शंभरेक वर्षांपूर्वी, आणि दिवाळी अंक तर १९०९ च्या मनोरंजनपासून घराघरात चित्रं पोचवतायत. दलाल, मुळगावकर या चित्रकारांची चित्रं लोकांनी अंकातून कापून भिंतीवर लावलीत. इलस्ट्रेशन हे हातात घेऊन बघायचं काम आहे, पाच फुटांच्या भिंतीवर ते संपत नाही.

ओपनिंगला आपल्या चित्रापाशी अर्धा तास उभं राहा, मग तिथून हला आणि बाकी सगळ्यांची चित्रं नीट बघा, काढणाऱ्याला विचारा हे कसं केलंस. पुढच्या शोचं बोलावणं जवळजवळ कायम अशाच बोलण्यातून येतं, मेलमधून फार कमी. स्केचबुक सोबत ठेवा आणि लोकांना उलटू द्या, खराब होतं थोडं, होऊ दे. एक काका माझी वही उलटता उलटता शिंगाळा माशाच्या पानावर थांबले आणि काटे कुठे बसलेत ते चुकलंय का बघूया म्हणून चष्मा लावून बसले, तासभर बोलत होतो आम्ही.

शो उतरवायच्या दिवशी स्वतः जा, दुसऱ्याला सांगू नका. विकलेल्या चित्रामागे नाव, वर्ष, माध्यम लिहिलेला सही केलेला कागद लावा, वहीत नोंद करा की कुठलं चित्र किंवा कितवी प्रिंट कुणाकडे गेली. उरलेल्या फ्रेम फोडू नका. मी सगळं काम दोनच मापात करते, त्यामुळे मागचं सील कापायचं, चित्र बदलायचं, परत टेप मारायची की तीच फ्रेम पुढच्या शोला तयार, आणि फ्रेमिंगचे वाचलेले पैसे चांगल्या कागदाला जातात.