खाणीच्या उजाड उतारावर पुन्हा रान उभं करताना: तयारीची यादी

वृक्षरेषेच्या (डोंगरावर ज्या उंचीच्या वर झाडं वाढत नाहीत ती सीमा) जरा खालच्या पट्ट्यात कामाचं वेळापत्रक पहिल्या बर्फापासून उलटं मोजायचं. रोपांना वाढायला जेमतेम दोन-तीन महिने मिळतात. पंधरवडा हुकला की बहुतेक वेळा वर्षच हुकतं.

खाणकाम चालू असेल तर आधी वरची माती वाचवा. वरचा १०-१५ सेंमीचा थर वेगळा काढा, कारण बी, मुळांचे तुकडे आणि मायकोरायझा (मुळांशी जोडून राहून त्यांना अन्न-पाणी मिळवून देणारी) बुरशी मुख्यतः त्यातच असते. ढीग दीड-दोन मीटरहून उंच नको, आत हवा खेळत नाही. ढीग न लावता माती थेट तयार उतारावर नेता आली तर उत्तमच.

बियांची जुळवाजुळव पेरणीच्या दोन वर्षं आधी सुरू करा. एखाद्या वर्षी फुलोराच कमी येतो. बी त्याच डोंगरावरचं, जवळपास त्याच उंचीवरचं हवं. दाणा नखाने दाबून पाहा: दूध निघालं तर थांबा, कडक लागला तर तोडा. कापडी किंवा कागदी पिशव्या न्या. प्लास्टिकमध्ये ओलसर बी तापून कुबट होतं. डेशाम्पसिया सेस्पिटोसा हे गुच्छगवत आम्ल, धातूयुक्त मातीतही तग धरतं, तेव्हा ते जास्त जमवा. बाजारातलं टिमोथी किंवा ब्रोम गवत पहिल्याच वर्षी छान हिरवं दिसतं, पण त्याच्या दाटीत स्थानिक रोपं गुदमरतात. हिरवळीची घाई असलेल्या मंडळींना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वजनावर भरवसा ठेवू नका. शुद्धता ९० टक्के आणि उगवण ७० टक्के असेल तर कामाचं बी ६३ टक्केच. १० किलो असं कामाचं बी हवं असेल तर सुमारे १६ किलो घ्यावं लागतं.

मातीची नुसती पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) तपासणी फसवते. ताज्या राखाडी खाणमालाची (खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगड-मातीची) पीएच ६ येते, मग त्यातल्या पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं, माल पिवळा-तांबूस होतो आणि पीएच पार ३ पर्यंत घसरू शकते. म्हणून पायराइटमधल्या गंधकाचं प्रमाण आणि मालाची स्वतःची आम्ल मारण्याची ताकद, दोन्ही प्रयोगशाळेतून काढून घ्या. असं गंधक १ टक्का असेल तर दर १,००० टन मालाला ३१.२५ टन शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागतं. हेक्टरभर १५ सेंमीचा थर साधारण २,००० टनांचा, म्हणजे ६० टनांच्या वर चुनखडीची भुकटी. ती खोलवर मिसळा. वरवर भुरभुरली तर मुळं तेवढ्याच थरात अडकतात आणि पहिल्या कोरड्या आठवड्यात रोप वाळतं.

यंत्रांनी दाबलेली जमीन रिपरने (जमीन खोल चिरणाऱ्या दातेरी अवजाराने) ४५-६० सेंमी खोल, समतल रेषेवर, म्हणजे उताराला आडवी फोडा. पृष्ठभाग गुळगुळीत करू नका. खळगे, दगड, ओंडके राहू द्या: तिथे बर्फ साठतो, ओल टिकते, स्प्रूस-फर या सूचिपर्णी झाडांच्या रोपांना आडोसा मिळतो. नत्रखत हात राखून द्या, नाहीतर गवतच माजतं.

पेरणी उशिरा शरदात, बर्फ टिकायला लागण्याच्या जरा आधी करा. बऱ्याच जातींच्या बियांना उगवण्याआधी महिनोन्महिने ओली थंडी लागते आणि ती हिवाळा फुकट देतो. लवकर पेरलं तर उबदार आठवड्यात कोंब फुटून थंडीत मरतात.

उघड्या बारीक मातीत रात्री सुयांसारखा बर्फ उगवतो आणि कोवळं रोप मुळासकट वर उचलतो. सकाळी ते आडवं पडलेलं दिसतं. हे टाळायला मातीवर तणमुक्त पेंढा हेक्टरी ३-४ टन पसरा आणि तीव्र उतारावर काथ्याची जाळी खुंट्यांनी जमिनीला घट्ट टेकवून बसवा. जाळी अधांतरी राहिली तर पाणी खालून माती नेतं. रोपवाटिकेतली रोपं काटक करूनच (हळूहळू बाहेरच्या थंडी-वाऱ्याची सवय लावून) आणा आणि बर्फ वितळल्यावर जमीन ओली असतानाच लावा.

चरणारी जनावरं आत येऊ नयेत म्हणून कुंपण पेरणीआधीच उभं राहू द्या. रोपांची वाढ पुढे त्याच जागी मोजता यावी म्हणून कायमचे १ चौरस मीटरचे चौकोनही आखा, पण खुंट्या बर्फाच्या दाबाने वाकतात, त्यामुळे कोपऱ्यात लोखंडी खिळे जमिनीत पुरा. ते पुढे धातुशोधकाने सापडतात.