आज करू या का, आजी?

मी शिकले फिजिओथेरपी. पाठीचे, गुडघ्यांचे पेशंट बघता बघता पुण्यातल्या एका रुग्णालयात संशोधन सहायक म्हणून लागले, तेव्हा टीएमएस, म्हणजे डोक्याजवळ तारेची कॉइल धरून चुंबकाने मेंदूला उत्तेजन देणं, ही अक्षरं मला परीक्षेपुरतीच ठाऊक होती. आता अधूनमधून कुणी नवीन मुलगा-मुलगी विचारते, "ताई, या कामात यायचं तर काय वाचू?" वाचायचं ते सांगतेच. पण पहिल्या वर्षी मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते इथे लिहून ठेवतेय.

आमच्याकडे येणाऱ्या माणसांना विसरायला होतंय, ते घरच्यांना जाणवलंय, चाचणीतही दिसतंय, पण रोजचे व्यवहार अजून ती स्वतः सांभाळतात. या अवस्थेला एमसीआय म्हणतात. त्यातल्या सगळ्यांना पुढे अल्झायमर होतोच असं नाही. काही जण वर्षानुवर्षं तसेच राहतात, काही सुधारतातही. म्हणून मशीनजवळ नेण्याआधी बी१२, थायरॉईड, झोप, ऐकू येणं आणि मनाची उदासी हे सगळं तपासून झालेलं असलं पाहिजे. बी१२ कमी असलेल्या माणसाच्या डोक्याला कॉइल लावणं म्हणजे आजार एकीकडे आणि उपाय दुसरीकडे.

टीएमएसची कॉइल इंग्रजी आठच्या आकाराची असते. तिच्यातून एक मिलिसेकंदाहूनही कमी वेळ जोरदार वीज जाते, तिचं चुंबकीय क्षेत्र कवटी ओलांडतं आणि मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा प्रवाह उठतो. तत्त्व फॅरेडेचं, १८३१ मधलं. ते माणसाच्या मेंदूवर वापरून हाताचे स्नायू हलवून दाखवले शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी, १९८५ मध्ये. उत्तेजनाची दुसरी पद्धत टीडीसीएस, ती त्याहून साधी: मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक-दोन मिलिअँपिअर प्रवाह, वीसेक मिनिटं.

अडचण अशी, की कॉइलचा परिणाम दोन-तीन सेंटीमीटरच आत पोचतो आणि आठवणींचं मोठं काम करणारा हिप्पोकॅम्पस त्याहून खोल आहे. त्यामुळे त्याच्याशी जोडलेली वरची जागा निवडावी लागते. २०१४ मध्ये शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जोएल व्हॉस यांच्या गटाने निरोगी तरुणांवर ही वाट चालते असं दाखवलं. २०२२ मध्ये रोमच्या जियाकोमो कोख यांच्या गटाने अल्झायमरच्या ५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रीक्युनिअस या जागेवर दोन आठवडे रोज आणि मग बावीस आठवडे आठवड्यातून एकदा उत्तेजन. ज्यांना खरं उत्तेजन मिळालं त्यांची अवस्था साधारण स्थिर राहिली, शॅमवाल्यांची, म्हणजे ज्यांच्यावर उत्तेजनाचा नुसता देखावा केला त्यांची, ढासळली. मी तो पेपर पुन्हा पुन्हा वाचलाय. पण ५० माणसं म्हणजे ५० माणसं, आणि तीही अल्झायमरची, एमसीआयची नव्हेत. विसरण्यावर हा अजून सिद्ध उपचार नाही, अभ्यास आहे. घरच्यांना हे पहिल्याच भेटीत सांगा. "मॅडम, फरक पडेल ना?" असं विचारताना मुलाचा चेहरा बघवत नाही, तरीही सांगा.

दुसरा प्रश्न हमखास येतो: "शॉक देणार का?" रागावू नका. लोक ज्याला शॉक म्हणतात त्या ईसीटीमध्ये भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. इथे फिट येऊ नये म्हणून आपण जपतो. माणूस जागा असतो, बोलतो आणि नंतर रिक्षाने घरी जातो. एवढं सांगितलं की खांदे सैल होतात.

आता पुस्तकात नसलेली तयारी. आपल्याकडच्या आज्या डोक्याला तेल चोपडून येतात. स्पंजखाली तेल आलं की अडथळ्याचा आकडा चढतो आणि टीडीसीएस सुरूच होत नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करा: केस धुऊन, तेल न लावता या. अंबाड्याचे आकडे, कानातल्या कुड्या काढून ठेवायला डबी द्या. श्रवणयंत्र काढावं लागतं, वर कॉइलच्या टकटकीसाठी कानात बोळे, म्हणजे आजोबांना काहीच ऐकू येणार नाही. मोठ्या अक्षरांत "थांबू का?", "दुखतंय का?" असे पुठ्ठे लिहून ठेवा. पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप, पूर्वी आलेली फिट, चालू गोळ्या हे फॉर्मवर असतंच. फॉर्मवर नसतो तो उपास.

ही चूक माझीच. पहिलं सेशन, थ्रेशोल्ड काढत होते. म्हणजे कॉइलच्या दहा ठोक्यांमध्ये, पल्समध्ये, निदान पाच वेळा हाताचा स्नायू हलेल अशी कमीत कमी ताकद शोधायची. सातव्या-आठव्या पल्सला आजींचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावर घाम, मान कलली. माझ्या पोटात गोळा आला, फिटच वाटली. आमच्या सीनिअर डॉक्टरांनी शांतपणे खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले. मिनिटाभरात आजी बोलायला लागल्या. ती फिट नव्हती, साधी घेरी होती. एकादशी होती, सकाळपासून पाण्याचा घोटही नव्हता. मी रात्रीची झोप विचारली होती, गोळ्या विचारल्या होत्या, खाल्लंय का हे विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या टेबलावर कालनिर्णय टांगलेलं आहे. चतुर्थी, एकादशी बघूनच वेळ देते.

कालनिर्णयवरून आठवलं. चाचणीत तारीख विचारली की काही आज्या तिथी सांगतात, आणि ती बरोबर असते! गुण मात्र नियमाप्रमाणेच द्यायचे. तिथी शेजारी लिहून ठेवायची आणि आकडा फुगवायचा मोह टाळायचा. मोका या स्मरण-आकलनाच्या चाचणीच्या तीस गुणांत शिक्षण कमी असल्यास एक गुण वाढवून देतात, पण चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं आयुष्यभराचं न-लिहिणं त्या एका गुणात भरून निघत नाही. शिवाय महिन्याने तीच शब्दांची यादी दिली, तर वाढलेले गुण उत्तेजनाचे की सरावाचे हे कुणालाच सांगता येत नाही. दुसरी समतुल्य यादी वापरा. आणि कॉइल धरणाऱ्याने चाचणी घेऊ नये. रोज भेटून जीव जडलेला असतो, मग नकळत जरा जास्त वेळ थांबतो आपण.

सगळ्यात जास्त शिकायला लागलं ते संमतीबद्दल. कागदावर सही एकदाच होते. पण आमच्याकडे येणारा माणूस विसरतो म्हणूनच तर आलेला असतो. चौथ्या दिवशी एक आजी कॉइल बघून म्हणाल्या, "हे काय गं आणलंयस?" सुनेने मागून सांगितलं, "अहो आई, कालच नाही का केलं?" आजी ओशाळल्या आणि गुपचूप बसल्या. त्या "गुपचूप"ला मी होकार समजले आणि पल्स सुरू केले. घरी गेल्यावर ते मला खात राहिलं.

आता मी रोज पहिल्यापासून सांगते. कॉइल हातात देते, वजन बघू देते, माझ्याच दंडावर एक पल्स देऊन माझी बोटं कशी उडतात ते दाखवते. मग विचारते, "आज करू या का, आजी?" पाच मिनिटं जातात. आजी नाही म्हणाल्या तर त्या दिवशी नाही, सून कितीही लांबून आली असली तरी. शॅम समजावताना "खोटं मशीन" म्हणू नका, फसवल्यासारखं वाटतं. मी म्हणते, "चिठ्ठी टाकल्यासारखं आहे. कुणाला खरे ठोके, कुणाला नुसता आवाज. तुमची चिठ्ठी कुठली ते तुम्हालाही माहीत नाही, चाचणी घेणाऱ्या ताईंनाही नाही." हे लोकांना लगेच कळतं.

कुठे रुजू होण्याआधी एवढं विचारून घ्या: अभ्यास सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेला आहे का, फिट आली तर खोलीत कोण धावतं आणि त्याची तालीम झालीय का, आणि पेशंटकडून पैसे घेतात का. "स्मरणशक्ती वाढवून देतो" म्हणत पैसे घेणाऱ्या ठिकाणी पगार चांगला असेल, तरी जाऊ नका.

"हे काय गं आणलंयस?" म्हणणाऱ्या त्याच आजी तिसऱ्या आठवड्यात खुर्चीत बसल्या, न सांगता अंबाड्याचे आकडे एकेक करून काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. सूनबाईंचे डोळे भरून आले, "बघा, लक्षात राहिलं!" हाताला लागलेली सवय ही वेगळी स्मरणशक्ती असते आणि ती बरीच उशिरापर्यंत टिकते. उत्तेजनाचा तो पुरावा नव्हे, म्हणून मी ते अहवालात लिहिलं नाही. सूनबाईंनाही तसं सांगितलं. मग आकडे डबीत टाकले, कॉइल आजींच्या हातात दिली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.